सापडलेल्या देवांची वाट

यात्रा म्हटली की पुण्या-मुंबईकडच्या माणसाला अष्टविनायक आठवतात. मराठवाड्यातल्या माणसाला तुळजापूर, औंढा आणि परळी. आमच्या वऱ्हाडात पहिले नाव शेगावचे, आणि त्यानंतर मंडळींची दृष्टी वळते ती माहूरगडाकडे. या दोन स्थानांच्या मधे वाशीम जिल्हा पसरलेला आहे. यात्रेकरूंच्या गाड्या तो ओलांडून जातात, क्वचित चहाला थांबतात, आणि पुढे निघतात. मुद्दाम वाशीमची यात्रा करावयास निघालेला माणूस विरळाच. आणि तरीही, तीन दिवसांची सवड आणि एक मोटार एवढे भांडवल असेल, तर या जिल्ह्यात आणि त्याच्या पश्चिमेच्या शिवेलगत जशी यात्रा घडते, तशी घडविणारी ठिकाणे फार नाहीत, असे माझे मत आहे. ते का, हे सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

निमित्त झाले ते माझ्या भाच्याच्या पत्राचे. "मामा, आईला घेऊन येतो आहोत. बरोबर दोन्ही मुले आहेत. तीन दिवसांत बसतील तितकी देवळे बसवून ठेवा," असे त्याने कळविले होते. मी नकाशा, वही आणि पेन्सिल घेऊन बसलो. तासाभरात वहीत तेवीस नावे झाली. एका वाशीम शहरातच बालाजी, करुणेश्वर, मध्यमेश्वर, चामुंडादेवी, नारायण महाराजांचे मंदिर! ही सगळी देवळे 'बसवायची' तर प्रत्येक देवाच्या वाट्याला वीस मिनिटे येत होती, आणि त्यांतली दहा चपला काढण्या-घालण्यात जाणार होती. आक्काला हे फोनवर वाचून दाखविले. ती म्हणाली, "अरे, देव मोजायला का येतेय मी? चार ठिकाणी ने, पण घटकाभर टेकू दे."

आता चार ठिकाणे निवडावयाची तर कोणत्या न्यायाने? मोठेपणाने, की जुनेपणाने, की नवसाला पावण्याच्या कीर्तीने? मी प्रत्येक नावापुढे त्या स्थानाची हकीकत दोन ओळींत लिहून पाहिली, आणि एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. नाव कोणतेही असो, हकीकतीत एक क्रियापद पुनःपुन्हा येत होते: 'सापडले'. मूर्ती सापडली, जन्मस्थान सापडले, तळ्यात देव सापडला. जे सापडले ते आधी हरवले असले पाहिजे. मग मी तेवीस नावांतून या एका धाग्यात ओवता येतील तेवढीच ठेवली, आणि यात्रेचा आराखडा आपोआप तयार झाला.

पहिला मुक्काम कारंजा. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि कारंजा एकाएकी महानगरांच्या जवळ आले. पण हे गाव कधी आडवाटेला होते असे मात्र समजू नये. जुन्या तटाला चार वेशी, आणि त्यांची नावे दिल्ली, दारव्हा, पोहा, मंगरूळ. ज्या गावाच्या वेशीला दिल्लीचे नाव असते, त्या गावाचा व्यापार कुठवर पोचला असेल हे निराळे सांगावयास नको. १६७० च्या अखेरीस, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, शिवाजीमहाराजांच्या फौजेने मोगली मुलखातल्या या पेठेवर हल्ला केला. सोने, चांदी आणि उंची वस्त्रे यांची लूट चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेली, असे इतिहासकार सांगतात. जैनांच्या तीन भट्टारकपीठांच्या गाद्या येथे होत्या. त्यांच्या भांडारांत जपलेल्या हस्तलिखितांमुळे अपभ्रंश भाषेतील काव्ये विसाव्या शतकात छापून प्रसिद्ध झाली. तेही एक सापडणेच.

परंतु दत्तभक्ताला कारंजा माहीत असते ते श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून. सरस्वती गंगाधरांच्या 'गुरुचरित्रा'त गावाचे नाव आहे. माधव आणि अंबा या मातापित्यांची नावे आहेत. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे जन्मलेला हा मुलगा मुंजीनंतर घर सोडून काशीला गेला. पुढे औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर ही क्षेत्रे त्याच्या वास्तव्याने मोठी झाली. गंमत अशी की, या क्षेत्रांत शतकानुशतके गुरुचरित्राची पारायणे होत राहिली, घरोघरी कारंज्याचे नाव उच्चारले गेले, आणि खुद्द कारंजात ते घर नेमके कोणते हे मात्र लोकांच्या विस्मरणात गेले. टेंबेस्वामी म्हणून ओळखले जाणारे वासुदेवानंद सरस्वती (१८५४–१९१४) यांनी जन्मस्थान निश्चित केले, आणि त्यांच्या संप्रदायातील ब्रह्मानंद सरस्वती यांनी १९३४ मध्ये येथे पादुकांची स्थापना केली. म्हणजे आजचे गुरुमंदिर एका दृष्टीने शंभर वर्षांचेही नाही. पोथीने पत्ता सांभाळला होता. वाट मात्र मोडली होती.

कारंजाहून थेट वाशीमला न जाता मानोऱ्याकडून पोहरादेवीला वळसा घालावा. बंजारा समाजाचे हे श्रेष्ठ तीर्थ. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे आणि रामनवमीला मोठी यात्रा भरते. २०२४ मध्ये येथे बंजारा समाजाच्या वारशाचे संग्रहालयही उघडले. या स्थानाला मी आराखड्यात जागा दिली ती आणखी एका कारणासाठी. आपण ज्या रस्त्यांनी मोटार हाकतो, त्यांतले कितीतरी मार्ग आधी लमाणांच्या बैलांनी तुडविलेले आहेत. मीठ, धान्य आणि फौजेची रसद पाठीवर घेऊन तांडे चालत, आणि त्यांच्या मागे वाट उरे. एकोणिसाव्या शतकात पक्क्या सडका आणि आगगाड्या आल्या, आणि ज्यांनी वाटा पाडल्या त्यांच्याच हातून वाटेचा धंदा गेला. कायम चालणाऱ्या माणसांना वर्षातून एकदा एकत्र येण्यासाठी एक स्थिर ठिकाण लागते. पोहरादेवी हे तसे ठिकाण आहे. मुलांना हे समाधीपाशी सांगावे. शाळेच्या पुस्तकातल्यापेक्षा चांगले कळते.

पहिल्या दिवशी रात्री वाशीम गाठावे आणि दुसरा दिवस सबंध तेथेच काढावा. हे शहर १९०५ पर्यंत जिल्ह्याचे ठिकाण होते. त्या वर्षी इंग्रजांनी बाशीम जिल्हा मोडून अकोल्यात घातला, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीमला जिल्ह्याचा मान पुन्हा मिळाला. मधली त्र्याण्णव वर्षे म्हणजे या शहराच्या वयाला काहीच नव्हेत. कारण वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म. वत्स ऋषींच्या आश्रमावरून हे नाव पडले असे स्थलपुराण सांगते. वत्सगुल्माचे प्राकृत रूप वच्छोम, आणि त्यावरून आजचे वाशीम. संस्कृत काव्यशास्त्रात जिला वैदर्भी रीती म्हणतात तिला प्राकृतात या गावावरून 'वच्छोमी' असे नाव होते. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच वत्सगुल्मात! दिवाळी अंक वाचणाऱ्या माणसाने निदान एवढ्यासाठी तरी वाशीमला एकदा जावे.

तरीही या गावचे राजे कितीतरी शतके हरवले होते. वाकाटकांची एक शाखा येथून राज्य करीत होती, हे निश्चितपणे कळले ते १९३९ मध्ये, एक ताम्रपट उजेडात आला तेव्हा. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून हे दानपत्र दिले. वंशावळ संस्कृतात आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात, असा त्याचा थाट आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन याचे नाव होते. पण अक्षरे झिजल्यामुळे पंडितांना ते नीट लागत नव्हते. वाशीमच्या ताम्रपटाने नाव हाती दिले, आणि महामहोपाध्याय मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा लावला. पुढे वाशीमजवळच्या हिस्से बोराळा या खेड्यात देवसेन राजाच्या काळातला शिलालेख मिळाला. त्यावर शक ३८०, म्हणजे इसवी सन ४५७-५८ हे वर्ष आहे. स्वामिल्लदेव नावाच्या माणसाने तेथे 'सुदर्शन' नावाचा तलाव बांधल्याची नोंद त्यात आहे. देवळांच्या यात्रेत तलावाच्या लेखाचे काय काम, असे कोणी विचारील. पण वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ज्याने तलाव बांधला, त्याने देऊळ बांधले नाही असे मी म्हणणार नाही.

वाशीमचा दिवस पद्मतीर्थापासून सुरू करावा. सकाळी पायऱ्यांवर गर्दी नसते. 'वत्सगुल्ममाहात्म्या'प्रमाणे या क्षेत्रात एकशे आठ तीर्थे होती, त्यांतले हे प्रमुख. तेथून मध्यमेश्वराला जावे. या मंदिरावरून पृथ्वीची मध्यरेषा जाते असे गावकरी अभिमानाने सांगतात. त्यावर हसू नये. सातव्या शतकातील ज्योतिषी पहिला भास्कर याने लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरील गावे सांगितली, त्यांत उज्जयिनीबरोबर वत्सगुल्माचेही नाव आहे. आजच्या मोजणीने वाशीम उज्जयिनीच्या पूर्वेला सव्वा अंशाहून थोडे अधिक भरते. परंतु रेषा थोडी चुकली तरी गावाची आठवण चुकलेली नाही. तेराशे वर्षांपूर्वी ज्योतिष्यांच्या यादीत आपले गाव होते, हे त्या देवळाने लक्षात ठेवले आहे.

दुपार टळल्यावर बालाजी. हे देवस्थान अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, आणि ते बांधणारा भवानी काळू हा नागपूरकर साबाजी भोसल्यांच्या पदरचा कारभारी. साधा पटवारी होता, तो दिवाणगिरीपर्यंत चढला, असे सांगतात. काळ मोठा अस्वस्थ होता. १७७२ मध्ये जानोजी भोसले वारले, आणि साबाजी व मुधोजी या भावाभावांत गादीसाठी युद्ध जुंपले. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. धनी पडले, पण कारभाऱ्याचे देऊळ उभे राहिले. बालाजीच्या मूर्तीची कथा गावात सर्वांना पाठ आहे. औरंगजेबाच्या काळात मूर्ती फुटू नये म्हणून ती पुरून ठेवली. ठेवणारे गेले, आणि जागाही विसरली गेली. पुढे कित्येक वर्षांनी एका घोडेस्वाराने सहज काठीने माती उकरली, तो मूर्तीचे बोट वर दिसले.

या कथेतले ते बोट मला नेहमी विचारात पाडते. मूर्ती पुरणाऱ्या माणसांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. कल्पना करा: रात्रीची वेळ, चार-सहा माणसे, हातांत कुदळी, आणि बोलायचे नाही अशी शपथ. गुप्तता जितकी चोख, तितका देव सुरक्षित. पण गुप्तता फारच चोख झाली तर तो पुन्हा सापडणार कसा? त्यांनी आपापल्या मुलांना सांगितलेही असेल. परंतु त्या शतकांतला वऱ्हाड डोळ्यांपुढे आणा. मोगल आणि मराठे, पुढे निजाम आणि भोसले यांचा दुहेरी अंमल. एकाच शेताच्या सारावर दोन धनी. त्यातून दुष्काळ, आणि मागाहून पेंढारी. गावेच्या गावे उठून जात. देवाचा पत्ता ज्याला ठाऊक, तो परमुलखात मजुरी करीत मेला असेल. देव हरवतो तो केवळ मूर्तिभंजकाच्या धाकाने हरवत नाही. येणारा-जाणारा थांबतो, वाटेवर गवत माजते, आणि मग हरवतो, असे मला वाटते.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेकडे वळावे. मालेगाववरून शिरपूरला जावे. तेथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे प्रसिद्ध जैन मंदिर आहे. एलिचपूरच्या एल राजाचा रोग तळ्याच्या पाण्याने गेला आणि त्याच पाण्यात ही मूर्ती सापडली, अशी परंपरा आहे. ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा आहे. हिंदू देवळांच्या यात्रेत जैन मंदिर कसे, हा प्रश्न वऱ्हाडात कोणी विचारीत नाही. पण एक गोष्ट तेथे उभे राहून आठवावी. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पंथांचा येथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला, तो थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि चाळीसहून अधिक वर्षे दारे बंद राहिल्यानंतर न्यायालयाच्या निर्णयाने २०२३ मध्ये ती उघडली. देव जागेवर असूनही भक्ताला हरवू शकतो, हे इतर कोणत्याही ठिकाणापेक्षा येथे अधिक कळते.

शिरपूरहून रिसोडवरून लोणारला निघावे. येथे आपण जिल्ह्याची शीव ओलांडून बुलढाण्यात शिरतो. उल्केच्या आघाताने पडलेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे ते विवर आणि त्यातले खारे पाणी सगळ्यांना माहीत असते. परंतु मंडळी काठावरून छायाचित्रे काढून परततात, आणि गावातले दैत्यसूदनाचे मंदिर राहून जाते. ताऱ्याच्या आकाराच्या तळावर उभे असलेले, बाहेरून मूर्तींनी भरलेले हे विष्णुमंदिर आहे. लवणासुराला मारणारा तो दैत्यसूदन. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त लोणारची नोंद करताना ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात असे लिहिले आहे. म्हणजे अकबराच्या काळीही यात्रेकरूंची ये-जा येथे होती. विवर उल्केचेच आहे याचे खात्रीचे पुरावे शास्त्रज्ञांना १९७० नंतर मिळाले. लोकांनी मात्र आकाशातल्या देवाशी त्याचा संबंध कधीच जोडून ठेवला होता.

शेवटचे ठिकाण मेहकर. येथील शार्ङ्गधर बालाजीची काळ्या पाषाणातली सुमारे अकरा फुटांची मूर्ती १८८८ मध्ये जमीन खोदताना सापडली. ती लाकडी पेटीत जपून ठेवलेली होती. गोरा साहेब ती विलायतेला नेणार अशी कुणकुण लागताच गावकऱ्यांनी घाईने तिची प्रतिष्ठापना केली, असे मेहकरचे लोक सांगतात. वाशीमचा बालाजी एका भयाने जमिनीत गेला. मेहकरचा देव बाहेर येताक्षणी दुसरेच भय उभे राहिले. दोन्ही वेळा त्याला राखले ते गावाने. एवढी मोठी मूर्ती पेटीत घालून पुरणे हे चार माणसांचे काम नव्हे. सगळे गाव त्यात असले पाहिजे. आणि तरी तो पत्ता विसरला गेला! मेहकरहून समृद्धी महामार्ग जवळच आहे. मुंबईकडची मंडळी तेथून घरचा रस्ता धरू शकतात.

आता थोडे व्यवहाराचे. दिवाळीनंतरचे दिवस या यात्रेला उत्तम: ऊन मऊ झालेले असते, सोयाबीन निघालेले असते, कापूस फुटू लागलेला असतो, आणि शेतांतून तूर उभी असते. दिवसाला तीन ठिकाणांहून अधिक घेऊ नयेत. महाप्रसादाच्या आणि आरतीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. कोणाच्या शेतात रोडग्यांचे आमंत्रण मिळाले, तर आराखडा गुंडाळून ठेवून जावे. रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी यांपुढे कोणतेही वेळापत्रक टिकत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी एखाद्या वयस्क माणसाजवळ बसून, 'येथे पूर्वी काय होते?' एवढेच विचारावे. उत्तर ऐतिहासिक निघेलच असे नाही, पण ते मुलांच्या कानांवर पडावे.

कारण सापडलेल्यांची यादी जेवढी मोठी, तेवढीच न सापडलेल्यांची आहे. वत्सगुल्माचा राजा सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याने प्राकृतात 'हरिविजय' नावाचे काव्य रचले. आपल्या परिचयाच्या श्रीधरस्वामींच्या ग्रंथाहून ते हजारांवर वर्षांनी जुने. श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी पारिजात आणल्याची कथा त्यात होती. आनंदवर्धनासारख्या आलंकारिकांनी त्याची वाखाणणी केली. पण काव्य मात्र आज उपलब्ध नाही, दुसऱ्यांच्या ग्रंथांतून उरलेल्या थोड्या अवतरणांवर भागवावे लागते. एकशे आठ तीर्थांचेही तसेच. माहात्म्यात नावे आहेत. पण त्यांतल्या कितीतरी तीर्थांवर आज घर आहे, शेत आहे, रस्ता आहे.

म्हणून अशा यात्रेचा आराखडा करताना मी देवळांची संख्या कमी केली आणि थांबण्याचा वेळ वाढविला. देवाला भिंत राखते, तट राखतो, प्रसंगी जमीनही राखते. पण त्याचा पत्ता राखतो तो वाटेने येणारा माणूस. तुम्ही जाल, मुलाला घेऊन जाल, तो पुढे त्याच्या मुलाला सांगेल, की पद्मतीर्थाच्या पायऱ्या अमुक बाजूला आहेत आणि बालाजीचे देऊळ तिथून एवढ्या अंतरावर. मूर्ती पुरणाऱ्या त्या माणसांना आपल्या मागे एवढेच सांगून ठेवावयाचे होते, आणि ते त्यांच्याकडून राहून गेले.